मोचक झडप, टर्बोयुक्त एंजिनातील

मोटारगाडीच्या टर्बोचार्जर बसविलेल्या एंजिनात संपीडक (हवा दाबून तिचा दाब वाढविणारे यंत्र) आणि थ्रॉटल झडप यांच्या दरम्यानच्या नळीत कोंडलेली दाबयुक्त हवा, चालकाने प्रवेगकावरील पाय एकाएकी काढताच, बाहेर जाऊ देणाऱ्या झडपेस मोचक झडप म्हणतात. व्यवहारात ती ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह या नावाने ओळखली जाते. बाहेर पडणारी हवा वातावरणात न सोडता संपीडकाच्या प्रवेशमार्गात परत नेली, तर त्याच झडपेस बगल झडप किंवा बायपास व्हॉल्व्ह असे म्हणतात. टर्बोचार्जर आहे तेथे अशी झडप असलीच पाहिजे, असा समज मोटारशौकिनांत रूढ आहे. झडपेची गरज टर्बोचार्जर असण्यानसण्यावर अवलंबून नसून संपीडकाच्या पुढे हवेची वाट अकस्मात बंद करणारे काही आहे किंवा नाही, यावर अवलंबून असते. म्हणूनच जगातील बहुसंख्य टर्बोयुक्त ट्रक व बस या झडपेवाचून लाखो किमी. धावतात, तर आधुनिक टर्बोयुक्त पेट्रोल मोटारगाडीत ती कारखान्यातूनच बहुधा बसविलेली असते.

टर्बोचार्जरमध्ये एकाच दंडाच्या एका टोकास टरबाइनाची व दुसऱ्या टोकास केंद्रोत्सारी संपीडकाची चक्री असते. सिलिंडरांतून बाहेर पडणारे तप्त निष्कास वायू टरबाइन फिरवितात व त्यामुळे संपीडकही फिरतो. मोटारगाडीतील लहान टर्बोचार्जरचा दंड मिनिटाला एक ते दोन लाख वा त्याहूनही अधिक फेरे करतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. संपीडित हवा तापते म्हणून ती बहुधा आंतरशीतकातून थंड करून सिलिंडरांकडे धाडतात. हवा अधिक दाट झाली की तेवढ्याच घनफळात अधिक इंधन जाळता येते व एंजिनाची शक्ती वाढते [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

ही कल्पना स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची होय. त्यांनी १९०५ मध्ये तिचे एकस्व घेतले. १९१८ मध्ये अमेरिकेतील सॅनफर्ड मॉस यांनी कोलोरॅडोतील पाइक्स शिखरावर, सु. ४,३०० मी. उंचीवर, लिबर्टी या विमान-एंजिनास टर्बोचार्जर जोडून चाचण्या घेतल्या आणि विरळ हवेत घटणारी शक्ती अशा रीतीने भरून काढता येते, हे दाखवून दिले. ब्यूखी यांच्या पद्धतीने १९२० नंतरच्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डीझेल एंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढविण्यात आली. या सर्व वर्षांत मोचक झडपेचा प्रश्न मोटारगाडीच्या संदर्भात उद्भवलाच नव्हता. तो उद्भवण्यास पेट्रोल एंजिन, त्याची थ्रॉटल झडप आणि वारंवार गिअर बदलणारा चालक या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागल्या.

प्रतिवाह कसा घडतो : पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांचे प्रमाण जवळजवळ ठराविक ठेवावे लागते. त्यामुळे शक्ती कमी करावयाची तर केवळ इंधन कमी करून भागत नाही, हवाही अडवावी लागते. हे काम प्रवेगकाशी निगडित असलेली थ्रॉटल झडप करते. ती एका पसरट तबकडीच्या स्वरूपात नळीत आडवी फिरते. पुढील उदाहरणावरून परिस्थितीची कल्पना येईल. समजा, २ लि. घनफळाचे चार धावांचे एंजिन मिनिटाला ६,००० फेरे या गतीने चालले आहे व संपीडक त्याला वातावरणाच्या सु. दुप्पट दाबाने हवा पुरवीत आहे. अशा वेळी एंजिन सेकंदाला ढोबळमानाने १५० लि. किंवा त्याहून थोडी अधिक (वातावरणीय दाबाला मोजलेली) हवा ओढून घेते. चालकाने गिअर बदलण्यासाठी पाय काढला की थ्रॉटल झडप सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास मिटते आणि एंजिनाची भूक एकदम सहाव्या-सातव्या भागावर येते. संपीडकाची चक्री मात्र तेवढ्या अवधीत थांबू शकत नाही. ती पूर्वीच्याच वेगाने हवा पुढे ढकलीत राहते. संपीडकापासून थ्रॉटलपर्यंतच्या नळ्या व आंतरशीतक मिळून १० लि. जागा धरली, तर सेकंदाच्या दहाव्या भागात येऊन पडणारी १५ लि. हवा तीत दाबाचा केवढा तडाखा निर्माण करू पाहील, हे उघड आहे.

प्रत्यक्षात दाब इतका चढत नाही. संपीडकाच हार खातो. केंद्रोत्सारी संपीडकाच्या पात्यांचे कोन एका ठराविक मर्यादेतील प्रवाहास अनुरूप असतात. चक्रीचा वेग तोच राहून प्रवाह फार घटला की हवा पात्यांवर भलत्या कोनातून येते, पृष्ठभागापासून सुटते आणि पाती हवेला धरून ठेवू शकत नाहीत. त्या क्षणी पुढील नळीतील दाब संपीडकाच्या क्षमतेपेक्षा अधिक ठरतो व हवा उलट दिशेने, चक्रीतून मागे, गाळणीकडे येते. नळीतील दाब थोडा उतरला की संपीडक पुन्हा हवा ढकलू लागतो, पुन्हा दाब चढतो आणि पुन्हा हवा मागे फिरते. या पुनरावर्ती प्रक्रियेस प्रतिवाह म्हणता येईल. अभियांत्रिकीत तिला सर्ज हे नाव आहे. संपीडकाच्या गुणधर्मांचा आलेख काढतात त्यात डाव्या बाजूला एक तिरपी रेषा असते. तिच्या डावीकडे संपीडक चालवू नये, असे निर्माते सांगतात. थ्रॉटल झडप मिटते तेव्हा एंजिन ही रेषा उडी मारल्याप्रमाणे ओलांडते. कबुतरे एकदम उडाल्यावर त्यांच्या पंखांचा व्हावा तसा फडफडाट बाहेर ऐकू येतो तो याच उलटसुलट प्रवाहाचा होय. पुष्कळ जण त्यालाच मोचक झडपेचा आवाज समजतात. वस्तुतः तो झडप नसल्याचा, किंवा असून ती पुरेशी उघडत नसल्याचा आवाज असतो. झडपेतून हवा सुटते तेव्हा सुस्काऱ्यासारखा एकच सलग फूत्कार होतो.

ही घटना मोटारगाडीपुरती मर्यादित नाही. पोलाद कारखान्यांतील झोत भट्ट्यांना हवा पुरविणारे मोठे पंखे, रसायन कारखान्यांतील वायुसंपीडक व जेट विमानांची एंजिने या सर्वांना प्रतिवाहाचे भय असते आणि त्या सर्वांत प्रवाह घटताच हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. त्यांच्या तुलनेत मोटारगाडीची मोचक झडप हे एक लहानसे अपत्यच म्हटले पाहिजे. कारखान्यातील संपीडकात प्रतिवाह चालू राहिला तर थोड्याच वेळात पाती व धारवे निकामी होऊ शकतात, आणि म्हणून तेथे झडपेच्या गरजेविषयी वाद होत नाही.

रचना व कार्य : झडपेची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली असते. एका लहान कोठीत दट्ट्या किंवा रबरी पटल असून त्याला मळसूत्राकार स्प्रिंगने बैठकीवर दाबून धरलेले असते. खालच्या बाजूला संपीडकाकडून येणारी हवा असते. वरची कोठी एका बारीक नळीने थ्रॉटल झडपेच्या पलीकडील, म्हणजे सिलिंडरांच्या बाजूच्या, प्रवेशनलिकेशी जोडलेली असते. थ्रॉटल उघडी असताना दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखाच दाब असतो, ते एकमेकांस तोलतात आणि हलकी स्प्रिंगही झडप मिटलेली ठेवू शकते. स्प्रिंगचा जोर टर्बोचार्जरच्या दाबाइतका असावा लागत नाही तो यामुळेच. थ्रॉटल मिटताच तिच्या पलीकडे निर्वात उत्पन्न होतो. वरून ओढ आणि खालून दाब असा दुहेरी परिणाम होऊन झडप झटकन उघडते. नव्या एंजिनांत हेच काम विद्युत् चुंबकाने हलणारी झडप करते. ती संपीडकाच्या आवरणावरच बसविलेली असून एंजिनाच्या इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाच्या आज्ञेने उघडते. निर्वात पोहोचण्याची वाट पाहावी लागत नसल्याने ती अधिक तत्पर असते.

नावांच्या सारखेपणामुळे या झडपेची इतर दोन झडपांशी गल्लत होते. वेस्टगेट ही झडप निष्कास मार्गावर असते. टरबाइनावर जाणाऱ्या वायूंपैकी काही बाजूने काढून देऊन ती टर्बोचार्जरचा वेग, पर्यायाने दाब, मर्यादेत ठेवते. ती नसेल तर एंजिनालाच धोका असतो, म्हणून दाब मर्यादित करण्याची दुसरी सोय नसलेल्या एंजिनात ती अपरिहार्य ठरते. दुसरी पॉप-ऑफ झडप होय. ती ठराविक दाबाला आपोआप उघडते व प्रामुख्याने शर्यतींत शक्तीवर मर्यादा घालण्यासाठी वापरली गेली. फॉर्म्युला वन शर्यतींत १९८७ मध्ये ४ बार व १९८८ मध्ये २·५ बार अशी दाबाची कमाल मर्यादा या झडपेच्या साहाय्याने लादण्यात आली होती. १९८९ पासून तेथे टर्बोचार्जरवरच बंदी आली, ती २०१४ मध्ये उठली. मोचक झडप दाबाची कमाल मर्यादा ठरवीत नाही आणि पूर्ण शक्तीने गाडी धावत असताना ती बंदच असते. म्हणून तिच्यामुळे एंजिनाची कमाल शक्ती वाढते, हा विक्रेत्यांचा दावा निराधार आहे.

गरज कोठे व कोठे नाही : डीझेल एंजिनात शक्तीचे नियमन केवळ इंधनाच्या मात्रेने होते. हवा मोकळेपणाने आत येत राहते, पाय काढला तरी तिची वाट बंद होत नाही. इंधन तुटल्याने टरबाइनाची चालना घटते, संपीडक मंदावतो आणि तेवढ्यात एंजिन शिल्लक हवा ओढून घेते. भरवेगात गिअर बदलताना क्वचित किंचित प्रतिवाह होतो, पण तो सौम्य असतो. अलीकडच्या डीझेल मोटारगाड्यांत निष्कासवायूंचे पुनरभिसरण, काजळी गाळणीची सफाई किंवा एंजिन हादरे न देता बंद करणे या कारणांसाठी प्रवेशमार्गात एक तबकडी असते. तिचा उपयोग पेट्रोल एंजिनातील थ्रॉटलसारखा होत नसल्याने निष्कर्ष बदलत नाही. तरीही डीझेल मोटारगाडीला ‘ब्लो-ऑफ’ लावून देणारे विजेवर चालणारे संच बाजारात विकले जातात. त्यांतील झडप पाय उचलताच काहीही कारण नसताना दाबयुक्त हवा फुकट घालविते. काहींमध्ये तर झडपही नसते, केवळ ध्वनिवर्धक असतो. हा दुसरा प्रकार त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणावा लागेल.

पेट्रोल एंजिनातही थ्रॉटलचे स्थान महत्त्वाचे आहे. टर्बोचार्जर असलेल्या पहिल्या दोन उत्पादित मोटारगाड्या, ओल्ड्‌समोबील जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर, अमेरिकेत १९६२ मध्ये विक्रीस आल्या. दोन्हींत कार्ब्युरेटर संपीडकाच्या आधी, त्याच्या मुखाशी होता. थ्रॉटल मिटली की संपीडकाला येणारी हवाच बंद होई. पुढे दाब कोंडण्याचा प्रश्नच नव्हता व मोचक झडपेला काही कामही नव्हते. कॉर्व्हेअरमध्ये तर वेस्टगेटही नव्हते. निष्कास मार्गातील अडथळ्यानेच दाब आवरला जाई. या मांडणीचे तोटे मात्र मोठे होते. इंधनमिश्रित हवा संपीडकातून जात असल्याने आंतरशीतक बसविणे गैरसोयीचे होते, आणि प्रवेगक दाबल्यापासून शक्ती मिळेपर्यंत वेळ लागे. इंधन अंतःक्षेपण पद्धती आल्यावर थ्रॉटल झडप संपीडकाच्या पुढे, सिलिंडरांजवळ गेली. यूरोपात १९७३ मधील बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, १९७४ मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनात मांडलेली पोर्श ९११ टर्बो व १९७७ मध्ये पुढे आलेली साब ९९ टर्बो यांनी टर्बोयुक्त पेट्रोल मोटारगाडी रुळविली. आज सर्वत्र आढळणारी मांडणी हीच आहे आणि मोचक झडपेचा प्रश्न या मांडणीनेच आणला.

अशा एंजिनास झडप नसेल तर टर्बोचार्जर लगेच मोडतो काय? अनुभव तसा नाही. दाब कमी असलेल्या, म्हणजे वातावरणापेक्षा सु. अर्धा बार वर चालणाऱ्या एंजिनांत प्रतिवाह सौम्य असतो. काही निर्मात्यांनी झडपेवाचून टर्बोयुक्त मोटारगाड्या विकल्या आहेत व त्या दीर्घकाळ टिकल्याही आहेत. पाय काढल्यावर होणारा प्रतिवाह आणि पूर्ण भाराखाली होणारा प्रतिवाह यांत फरक केला पाहिजे. पहिल्यात निष्कास वायूही त्याच क्षणी घटलेले असतात, दाब एखाद्या सेकंदात विरून जातो व चक्रीवर येणारे हिसके क्षीण होत जातात. दुसऱ्यात, उदा., एंजिनाच्या मानाने संपीडक फार मोठा निवडला असता, थ्रॉटल पूर्ण उघडी असूनही संपीडक मर्यादारेषेच्या डावीकडे ढकलला जातो व हिसके चालूच राहतात. हा प्रकार खरा घातक असून मोचक झडप त्यावर उपाय नव्हे. तेथे टर्बोचार्जरच बदलावा लागतो.

तथापि पहिला प्रकार निर्धोक समजणेही चुकीचे ठरेल. प्रत्येक हिसक्यात दंडावर अक्षीय दिशेने पुढे-मागे भार येतो आणि तो पेलणारे अक्षीय धारवे आकाराने लहान असतात. गर्दीच्या रस्त्यावरील गाडीत दिवसाकाठी शेकडो वेळा गिअर बदलले जातात. दाब एक बार किंवा अधिक असेल तर ही झीज वर्षानुवर्षे साचत जाते, नळ्यांचे सांधे व पट्टे सैल होतात आणि हवेचे गळतीमार्ग निर्माण होतात. शर्यतींच्या गाड्यांत झडप नसे, मग रस्त्यावरील गाडीला ती कशाला, हा युक्तिवाद येथे टिकत नाही. शर्यतीच्या गाडीचा टर्बोचार्जर एका मोसमात अनेकदा बदलला जातो. सामान्य मालकाला तो गाडीच्या आयुष्यभर पुरवावा लागतो.

झडपेमुळे चक्रीचा वेग टिकून राहतो व गिअर बदलल्यावर दाब लवकर परत मिळतो, हा दुसरा लाभ सांगितला जातो. तत्त्वतः तो खरा आहे, कारण कोंडलेल्या हवेशी झुंजण्यात चक्रीची ऊर्जा खर्च होत नाही. पण थ्रॉटल मिटली असताना टरबाइनाला चालना देणारे वायूही जवळजवळ थांबलेले असल्याने वेग घटतोच. अर्ध्या सेकंदाच्या गिअर-बदलात होणारा लाभ रस्त्यावरील चालकाला जाणवेलच असे नाही. रॅली शर्यतींत हवी असलेली तत्परता याहून वेगळ्या व निष्ठुर मार्गाने मिळवितात : थ्रॉटल मिटल्यावरही निष्कास नलिकेतच इंधन जाळून टरबाइन फिरते ठेवतात. त्यात टरबाइन व निष्कास नलिका यांचे आयुष्य झपाट्याने संपते.

सर्वच नव्या पेट्रोल एंजिनांना स्वतंत्र झडप लागते असेही नाही. थ्रॉटल आता तारेऐवजी विद्युत् चलित्राने हलते. त्यामुळे नियंत्रक तिला किंचित सावकाश मिटवू शकतो आणि त्याच वेळी विजेवर चालणारे वेस्टगेट उघडून संपीडकाचा वेग उतरवू शकतो. काही निर्मात्यांनी या मार्गाने झडपच काढून टाकली आहे. अशा गाडीत ती नंतर बसविणे म्हणजे आखलेल्या समन्वयात ढवळाढवळ होय.

हवा कोठे सोडावी : मालकाच्या खिशाशी खरा संबंध येतो तो या प्रश्नाशी. अनेक एंजिनांत गाळणीनंतर लगेच हवेचे वस्तुमान मोजणारा संवेदक असतो. तेथून गेलेली प्रत्येक ग्रॅम हवा सिलिंडरात पोहोचणार, असे धरून नियंत्रक इंधन सोडतो. मोजलेली हवा मोचक झडपेने वातावरणात सोडली, तर तिच्या वाट्याचे इंधन मात्र सिलिंडरात पडते. मिश्रण क्षणभर अतिसमृद्ध होते, निष्कास नळीतून काळा धूर किंवा फटाक्यासारखा आवाज येतो, एंजिन मंदगतीला अडखळते वा बंद पडते. न जळलेले इंधन उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन जळले तर तो तापून खराब होऊ शकतो आणि त्याची किंमत झडपेच्या कित्येक पट असते. म्हणूनच कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांत बहुधा बगल झडप असते. ती हवा संवेदकाच्या पुढे व संपीडकाच्या आधी परत सोडते, हिशेब चुकत नाही आणि आवाजही होत नाही. ज्या एंजिनांत प्रवेशनलिकेतील दाब व तापमान यांवरून हवेचे गणित केले जाते, त्यांत हवा बाहेर सोडल्याने हा दोष उद्भवत नाही. अशा ठिकाणी वातावरणात उघडणारी झडप चालू शकते. मात्र स्प्रिंग नको तितकी हलकी असल्यास मंदगतीला निर्वाताने झडप उघडी राहून न गाळलेली हवा धुळीसकट संपीडकात ओढली जाते. फार कडक असल्यास झडप वेळेवर उघडतच नाही.

बगल झडपेतील नेहमीचा बिघाड म्हणजे रबरी पटल फाटणे. तेल, उष्णता व सतत होणारी हालचाल यांमुळे काही वर्षांत ते ठिसूळ होते. पटल फाटले की पूर्ण भाराखाली दाबयुक्त हवा गळते, गाडी चढावर दमते व टर्बोचार्जरला तोच दाब साधण्यासाठी अधिक वेगाने फिरावे लागते. टर्बोचार्जरच बिघडला, असा निष्कर्ष अशा वेळी घाईने काढला जातो; वास्तविक आधी ही स्वस्त झडप तपासणे इष्ट असते.

भारतात हा प्रश्न उशिरा आला. येथील रस्त्यांवर टर्बोचार्जर प्रथम रुळला तो डीझेल वाहनांत, आणि तेथे झडपेचा संबंध नव्हता. टर्बोयुक्त पेट्रोल मोटारगाड्यांपैकी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २००४ मध्ये, फोक्सवागन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये व टाटा झेस्ट २०१४ मध्ये बाजारात आली. चार मी. पेक्षा कमी लांबीच्या व १,२०० घ. सेंमी. पर्यंतच्या पेट्रोल एंजिनाच्या गाडीस मिळणारी करसवलत आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले भारत स्टेज-६ हे प्रदूषण मानक यांमुळे लहान डीझेल एंजिने मागे पडून लहान टर्बोयुक्त पेट्रोल एंजिने वाढली. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या स्कोडा कुशाक या २०२१ मधील गाडीतील १ लि. एंजिन याच वर्गातील होय. गाड्यांबरोबर आवाजाची हौसही आली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत फेरफार वाहनात करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच आशयाचा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या सुधारणेने अशा फेरफाराबद्दल सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारास ५,००० रु. दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मूळ बगल झडप काढून वातावरणात उघडणारी झडप बसविणाऱ्याने वाहनाच्या हमीवर पाणी सोडण्याबरोबर हाही विचार करावयास हवा. फाटलेल्या पटलाच्या जागी तशीच नवी झडप घालणे हा फेरफार नसून दुरुस्ती होय.